देवापुढील क्षण कोणाचा?

आमचे बाभुळगाव यवतमाळ आणि धामणगाव यांच्या मधल्या रस्त्यावर वसलेले आहे. यात्रेला निघायचे म्हणजे धामणगाव स्थानकावर जाऊन गाडी धरायची, ही माझ्या बालपणापासूनची रीत. १९८२ साली बँकेत नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षाच्या बचतीतून मी एक जुना आग्फा क्लिक थ्री कॅमेरा विकत घेतला. त्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच छायाचित्रे निघत. पुढे बदल्या होत गेल्या, शाखा बदलल्या, कॅमेरेही बदलले. पण सुटीत तीर्थक्षेत्री जायचे आणि तिथल्या माणसांची छायाचित्रे घ्यायची, हा छंद मात्र निवृत्तीनंतरही सुटला नाही.

मला मंदिरांच्या शिखरांपेक्षा माणसांचे चेहरे अधिक ओढ लावीत. शिखर आज आहे तसेच उद्याही असते. परंतु पायऱ्या चढून आलेली एखादी वृद्धा मूर्ती दृष्टीस पडताच क्षणभर थांबते आणि तिच्या चेहऱ्यावरचा सारा शीण उतरतो, तो क्षण पुन्हा येत नाही. ‘इकडे पाहा’ म्हटले की माणूस पदर सावरतो, ताठ होतो आणि तो क्षण संपतो. म्हणूनच भक्तीचे छायाचित्र नकळत टिपलेले असावे, असे मी मानत आलो होतो. या मताला मी माझी कला समजत असे आणि ते मनाशी बाळगताना थोडा अहंकारही होता, हे आज कबूल केले पाहिजे. चार वर्षांपूर्वी घडलेल्या एका प्रसंगाने मला ते तपासून पाहायला लावले. तो प्रसंग वाचकांपुढे ठेवतो, कारण आज आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि तो बाराव्या चित्रानंतर थांबतही नाही.

एक छायाचित्र

विदर्भातील एका तीर्थक्षेत्री मी सकाळी लवकर पोहोचलो होतो. क्षेत्राचे नाव मुद्दाम देत नाही. का, ते पुढे कळेल. मंदिराच्या सभामंडपाबाहेर, खांबाच्या आडोशाला पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, हात जोडलेले, कपाळ खांबाला टेकलेले आणि डोळ्यांतून सरळ धारा. पूर्वेकडून कोवळे ऊन येत होते. मी दुरूनच, त्यांना न कळता, तीन छायाचित्रे घेतली. तिसरे उत्तम आले. संध्याकाळी ते समाजाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले आणि खाली लिहिले, ‘खरी भक्ती.’ रात्रीपर्यंत अनुमोदनेचे संदेश येत राहिले. कोणी ते पुढे पाठवले, तिथून ते आणखी पुढे गेले. मी समाधानाने झोपलो.

दीड महिन्याने ते गृहस्थ पत्ता काढीत माझ्या घरी आले. दुसऱ्या तालुक्यातील कापडाचे व्यापारी. पाणी घेतले, चहा नको म्हणाले. आवाज एकदाही चढला नाही. त्यांनी सांगितलेले थोडक्यात असे: छायाचित्र फिरत फिरत त्यांच्या बाजारात पोहोचले. पहिल्या दिवशी लोकांनी कौतुक केले. दुसऱ्या दिवशी कोणी तरी विचारले, शेठजी एवढे का रडत होते? तिसऱ्या दिवशी उत्तरे तयार झाली. दुकान अडचणीत आहे, देणी थकली आहेत, मुलाने सट्ट्यात पैसे घालवले, ज्याला जे सुचले ते. ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून ते वर्षानुवर्षे उधारीवर माल उचलत, त्याने दिवाळीच्या तोंडावर नम्रपणे सांगितले की या खेपेला रोखीने घ्या.

मी विचारले, “शेठजी, खरोखर काही अडचण होती का?”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “साहेब, मी देवापुढे रडलो होतो. तुमच्यापुढे नव्हे. का रडलो, ते सांगायला मी आलो नाही.”

या वाक्यावर मजकडे उत्तर नव्हते. मी छायाचित्र गटातून काढून टाकले. पण ज्यांच्या फोनमध्ये ते उतरले होते, तिथून कसे काढणार? बँकेत चुकीची नोंद झाली तर उलट नोंद करून खाते पूर्ववत करता येते. इथे उलट नोंद नव्हती. त्या घाऊक व्यापाऱ्याला मी ओळखत होतो. त्याला फोन करून ‘काही काळजी करू नका’ असे सांगावे, हा विचारही मनात आला. परंतु निवृत्त बँक अधिकारी आपण होऊन एखाद्याच्या पतीची ग्वाही देऊ लागला, तर बाजार त्याचा अर्थ काय लावील, हे मला पुरते ठाऊक होते. माझ्या रदबदलीने अफवा पक्की झाली असती. म्हणून गप्प राहण्यावाचून मार्ग नव्हता.

ज्या गोष्टीने मला सर्वांत अधिक टोचले, ती निराळीच होती. नोकरीवर रुजू होताना आम्हा बँक कर्मचाऱ्यांकडून निष्ठा आणि गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र भरून घेत. ग्राहकाच्या खात्यात किती आहे, त्याने किती उचलले, हे आपल्या पत्नीलाही सांगायचे नाही. पस्तीसहून अधिक वर्षे मी ते पाळले. एका गावात मेहुण्याने गंमत म्हणून एका सावकाराची शिल्लक विचारली, तेव्हा मी त्याच्याशी दोन महिने धड बोललो नव्हतो. आणि त्याच मी एका माणसाचे देवाशी असलेले खाते भर चौकात उघडून दाखवले होते.

न दिलेले घेणे

ते गेल्यानंतर मी ग्रंथ उघडले. आपण सगळे लहानपणापासून पाच अणुव्रतांची नावे पाठ म्हणतो. त्यांतील अचौर्याची व्याख्या ‘अदत्तादान’ या एका शब्दावर उभी आहे. अदत्त म्हणजे न दिलेले. त्याचे आदान म्हणजे घेणे. वस्तू किमती आहे की नाही, धन्याला तोटा झाला की नाही, हा प्रश्न त्यात नाही. दिले होते का, एवढाच प्रश्न आहे. त्या गृहस्थांनी मला त्यांचे अश्रू दिले नव्हते. मी ते घेतले होते.

दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात प्रत्येक अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. सत्यव्रताच्या अतिचारांत खोटे लेख करणे म्हणजे कूटलेखक्रिया येते, कोणी विश्वासाने ठेवायला दिलेली ठेव बुडवणे म्हणजे न्यासापहार येतो. बँकेच्या माणसाला हे दोन्ही लगेच समजतात. पण त्याच यादीत ‘रहोभ्याख्यान’ही आहे, म्हणजे एकांतात घडलेली गोष्ट उघड करणे. गोष्ट खोटी असली पाहिजे, असे तिथे म्हटलेले नाही. खरी गोष्टसुद्धा, एकांतातली असेल, तर उघड करणे हा सत्यव्रताचाच दोष ठरतो. माझे छायाचित्र खोटे नव्हते. म्हणून मी निर्दोष आहे, ही माझी पळवाट तिथेच बंद झाली. शिवाय खाली लिहिलेले ‘खरी भक्ती’ हे शब्द तरी खरे होते का? ते भक्तीचे अश्रू होते, दुःखाचे होते, पश्चात्तापाचे होते की कृतज्ञतेचे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि आजही नाही.

येथे कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या धर्मभावनेचे दर्शन घडवणे ही अनुमोदना आहे आणि अनुमोदनेचेही पुण्य असते. हे खरे आहे. करणे, करवणे आणि अनुमोदणे ही तिन्ही आपल्या परंपरेत एका ओळीत मांडली जातात. परंतु ज्याच्या कृतीची अनुमोदना करायची, त्याचाच त्यात संकोच होत असेल, तर ती अनुमोदना राहत नाही. तिथे आपल्या छायाचित्राची अनुमोदना चाललेली असते.

थोरांनी काय केले

छायाचित्रकला आपल्या समाजाला परकी नाही. भारतातील आद्य छायाचित्रकारांत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते राजा दीनदयाळ १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे जैन कुटुंबात जन्मले. रुडकीला अभियांत्रिकी शिकून ते इंदूरच्या बांधकाम खात्यात लागले. पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि १८९६ मध्ये मुंबईत त्यांनी स्टुडिओ काढला. त्यांच्या कारकिर्दीतील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पडदानशीन स्त्रियांना परपुरुषासमोर बसावे लागू नये, म्हणून १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. खिडकीआडून चोरून घेतलेल्या चित्रालाही त्या काळी गिऱ्हाईक मिळाले असते. त्यांनी मर्यादा राखून चित्र कसे घेता येईल, याची व्यवस्था उभी केली. व्यवसायही वाढला आणि मर्यादाही राहिली.

दुसरी गोष्ट पुण्यातली, १९४६ सालची. अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचे चरख्यासह छायाचित्र घ्यायला आल्या. सूत कातणे ही गांधीजींची नित्य उपासनाच होती. त्यांच्या सचिवांनी बाईंना विचारले, तुम्हाला सूत कातता येते का? येत नाही म्हटल्यावर, आधी शिका, असे सांगण्यात आले. त्या शिकल्या, वारंवार धागा तोडीत शिकल्या. मग अटी आल्या. तो महात्माजींचा मौनाचा दिवस होता, म्हणून बोलायचे नाही. प्रखर प्रकाश त्यांना सोसत नाही, म्हणून फ्लॅशचे तीनच बल्ब. दोन वाया गेले आणि उरलेल्या एकाने जे चित्र दिले, ते जगाने पाहिले. गांधीजी त्या चित्रात कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत. चित्र सहज आहे, पण चोरलेले नाही. परवानगी मागितली की सहजता नष्ट होते, हे माझे जुने मत या एका चित्राने खोटे ठरवले.

फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ नकळत चित्रे घेण्यासाठी विख्यात होते. कोणाचे लक्ष जाऊ नये म्हणून ते आपल्या छोट्या कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकत. १९४८ साली श्रीनगरच्या हरी पर्बत टेकडीवर त्यांनी घेतलेले प्रार्थना करणाऱ्या स्त्रियांचे चित्र सर्वतोमुखी आहे. त्या स्त्रिया आपल्याला पाठमोऱ्या दिसतात. एकीचे हात पसरलेले आहेत, समोर डोंगर आणि ढग आहेत. कोणाचीही ओळख उघड होत नाही आणि तरीही प्रार्थना पूर्ण दिसते.

आपल्या पंढरीच्या वारीचेही असेच. उद्धव ठाकरे यांनी ‘पहावा विठ्ठल’मध्ये वारी आकाशातून टिपली. तिथून माणसे वेगळी ओळखू येत नाहीत, एक वाहती नदी दिसते. संदेश भंडारे यांनी ‘वारी : एक आनंदयात्रा’ या पुस्तकात तीच वारी जमिनीवरून, वारकऱ्यांच्या पावलांशी पाऊल जुळवून दाखवली. एकात अंतरामुळे मर्यादा आपोआप राखली जाते, दुसऱ्यात ती सहवासाने मिळवावी लागते. आपल्यासारख्या हौशी माणसाला हेलिकॉप्टर मिळणार नाही. सहवास मात्र मिळू शकतो.

कौंडण्यपूरची आजी

आमच्या भागापासून फार दूर नाही असे, वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. तिथून आषाढीसाठी रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते. ही परंपरा सोळाव्या शतकाच्या अखेरपासूनची सांगतात. त्या प्रसंगानंतर वर्षभर मी कॅमेरा कपाटात ठेवला होता. मग एका ज्येष्ठात पालखीच्या प्रस्थानाला गेलो. या वेळी कॅमेरा काढण्यापूर्वी दोन तास नुसता बसलो. शेजारच्या वारकऱ्यांशी बोललो, त्यांच्या पिशव्या सांभाळल्या, एका म्हाताऱ्याला पाणी आणून दिले.

तेवढ्यात डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी आपण होऊन जवळ आली. “माहा एक फोटो काढ ना, बाबू. नातवाले पाठवीन.” मी कॅमेरा उचलला. तिने पदर सारखा केला, तुळस सरळ केली आणि शाळेत कवायतीला उभे राहावे तशी ताठ उभी राहिली. जुन्या दिवसांत असे चित्र मी घेतलेच नसते. आता घेतले आणि तिला दाखवले. तिने ते बारकाईने पाहून मान डोलावली. त्यानंतर ती मला विसरली. टाळ सुरू झाले, ती चालू लागली, गाऊ लागली, आणि मी चार पावले बाजूने चालत होतो, याकडे तिचे लक्षच उरले नाही. तेव्हा जे चित्र मिळाले, ते माझ्या चाळीस वर्षांतील उत्तम चित्रांपैकी एक आहे. पुढे ते तिला दाखवले आणि पत्ता विचारून दोन्हीच्या प्रती टपालाने पाठवल्या.

महिन्याभराने नातवाचा फोन आला. आजीने ताठ उभे असलेले चित्र देवघराशेजारी लावले होते. दुसरे तिने ट्रंकेत ठेवले. “त्यात मी गाऊन राह्यली, तोंड उघडं दिसते,” असे तिचे म्हणणे. मला उत्तम वाटलेले चित्र तिने ट्रंकेत ठेवले, हे ऐकून मी हसलो. पण ते तिचे होते आणि कुठे लावायचे हे तिने ठरवले, यात मला एक नवे समाधान मिळाले. म्हणूनच ते चित्र मी कोणालाही पाठवलेले नाही आणि या लेखासोबतही दिलेले नाही.

आपल्या घरांसाठी काही पथ्ये

पर्युषण आणि दशलक्षण पर्वांच्या दिवसांत, तसेच सुटीतील यात्रांत ही पथ्ये उपयोगी पडतील, म्हणून अनुभवातून लिहितो.

प्रथम, स्थळाचा नियम विचारावा. पुरातत्त्व खात्याच्या बहुतेक स्मारकांत २०१८ पासून छायाचित्रणास मोकळीक आहे. वेरूळची ३० ते ३४ क्रमांकाची जैन लेणी मनसोक्त टिपता येतात. पण जिथे नित्य पूजा चालते, ते स्मारक नव्हे, मंदिर आहे. तिथे व्यवस्थापनाचा फलक अखेरचा समजावा आणि फलक नसेल तर पुजाऱ्यांना विचारावे. मुक्तागिरीला जाणाऱ्यांना एक सुचवतो. डोंगराच्या कुशीत विखुरलेली बावन्न मंदिरे, पावसाळ्यातील धबधबा आणि पायऱ्या चढणारे पाठमोरे यात्रेकरू यांतच क्षेत्राचे सारे भाव उतरतात. मूर्तीसमोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यात डोकावण्याची गरज पडत नाही.

दुसरे, साधू-साध्वींसमोर फ्लॅश कदापि वापरू नये. विजेच्या व अग्नीच्या प्रयोगात अग्निकायाच्या जीवांची विराधना होते, या भावनेने अनेक साधू-साध्वी त्यापासून दूर राहतात. विहारात पुढे धावत जाऊन, उलटे चालत चित्रीकरण करणारे तरुण मी पाहिले आहेत. यात भक्ती कमी आणि उपद्रव अधिक असतो. महाराजसाहेबांच्या सोबतच्या मंडळींना विचारले, तर ते योग्य वेळ सांगतात.

तिसरे, तपस्वींचे. अठाई किंवा मासखमण केलेल्या सुनेचे, मुलीचे छायाचित्र फलकावर लावण्यापूर्वी तिला विचारावे. सासऱ्यांना, वडिलांना विचारणे पुरेसे नाही. तप तिचे आहे. थकून डोळे मिटलेल्या अवस्थेतील चित्र ‘किती शांत दिसते’ म्हणून सर्वांना पाठवण्यापूर्वी, ते तिला आवडेल का, एवढा विचार करावा.

चौथे, सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे आणि प्रतिक्रमणाची वेळ फोनविना जावी. आपण आपल्याच दोषांची आलोचना करायला बसलो असताना शेजाऱ्याचे चित्र घेणे हा त्या वेळेचाच अपमान आहे.

पाचवे, चेहरा टाळूनही भक्ती टिपता येते. जपमाळेवरची बोटे, पायऱ्यांवरची अनवाणी पावले, मंदिराबाहेर रांगेने सोडलेल्या चपला, केशराची वाटी, गाथण्यासाठी ठेवलेली फुले. सवय झाली की या गोष्टी चेहऱ्याइतक्याच बोलतात.

आणि शेवटचे पथ्य, जे मी सर्वांत महाग किंमत देऊन शिकलो, तीही दुसऱ्याच्या खिशातून: घेतलेले चित्र आधी त्याला दाखवावे, मग जगाला. तो नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसून टाकावे. तो भेटलाच नाही तर ते आपल्याजवळच राहू द्यावे, ठेव म्हणून. ठेव वापरायची नसते.

संवत्सरीचे पत्र

ते कापड व्यापारी पुन्हा माझ्या घरी आले नाहीत. त्यांची दिवाळी त्या वर्षी कशी गेली, हे मी कोणाला विचारले नाही. पुढे कानावर आले की त्यांचा तो घाऊक व्यापारी पूर्ववत उधारी देऊ लागला, पण त्यासाठी पुढचा चैत्र उजाडला. तेवढे महिने त्यांनी रोखीने माल उचलून दुकान चालवले. ज्याने व्यापार केला आहे, त्याला या एका वाक्यातील ओझे सांगायला नको.

संवत्सरीला आपल्याकडे क्षमायाचनेचे तयार संदेश शेकड्यांनी पाठवले जातात. मीही पाठवीत असे. त्या वर्षापासून मी त्यांना हाताने पत्र लिहितो. पहिल्या पत्रात अपराधाचा स्पष्ट उल्लेख केला: आपल्या परवानगीविना आपले चित्र घेतले, ते इतरांना दिले, त्यावर मला न कळलेल्या गोष्टीविषयी लिहिले. तिन्ही दोषांची क्षमा मागतो. पत्राचे उत्तर आले नाही. दुसऱ्या वर्षीही आले नाही. तिसऱ्या वर्षी पोस्टकार्ड आले. त्यावर ‘मिच्छामि दुक्कडम्’ एवढेच होते आणि खाली सही.

सही मी नीट पाहिली. बँकेतल्या माणसाची ती सवयच. मग कार्ड कपाटात, कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवले. कॅमेरा बाहेर काढताना ते दरवेळी हाताला लागते.